काय दिखस? सूक्ष्मदर्शक काय दाखवतो आणि काय दाखवत नाही



सूक्ष्मदर्शकाला पहिल्यांदा डोळा लावणाऱ्याला बहुधा स्वतःच्या पापण्या दिसतात. मग दिसतो हवेचा बुडबुडा. गोल, जाड काळ्या कडेचा, मोठा रुबाबदार. निम्मा वर्ग तो पेशी समजून वहीत काढून मोकळा होतो. मागं रांगेत उभा असलेला मुलगा विचारतो, "काय दिखस भो?" पुढचा प्रामाणिक असला तर म्हणतो, "काहीच नही." आयुष्यभर हा विषय शिकवल्यावर मी म्हणेन, हे उत्तर पुष्कळदा बरोबर असतं. यंत्र ठीक असतं, दिवा लागलेला असतो, स्लाइडवर नमुनाही असतो, आणि तरी काही दिसत नाही.

याचं कारण आपला एक जुना समज. सूक्ष्मदर्शक म्हणजे बारीक गोष्ट मोठी करून दाखवणारं यंत्र, असं आपण चौथी-पाचवीपासून पाठ करतो. ते खोटं नाही. पण मोठं करणं हे त्याचं दुय्यम काम. पहिलं काम शेजारशेजारच्या दोन गोष्टी दोन म्हणून दाखवण्याचं. दुसरं, आजूबाजूच्या पसाऱ्यातून हवी ती वस्तू उठून दिसेल असं करण्याचं. ही कामं कोणत्या युक्तीनं साधली यावरून सूक्ष्मदर्शकाची जात ठरते, आणि प्रत्येक युक्तीची काहीतरी किंमत असते. आज मी या युक्त्यांविषयी आणि त्यांच्या किमतीविषयी बोलणार आहे. उदाहरणं शक्यतो खानदेशातली घेणार आहे.

सुरुवात कापसापासून करणं भाग आहे, कारण या विद्येची सुरुवातच एका कापडवाल्यानं केली. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा अँटनी व्हान लीवेनहुक हा कापडाचा व्यापारी. कापडाची वीण भिंगाखाली तपासायची, सूत मोजायचं, ही त्या धंद्यातली नेहमीची रीत. या गृहस्थाला भिंगाचंच वेड लागलं. मोहरीच्या दाण्यापेक्षा फार मोठी नसलेली भिंगं तो स्वतः करायचा आणि पितळेच्या किंवा चांदीच्या दोन पत्र्यांत बसवायचा. भिंग एकच, नळी नाही, दिवा नाही. यंत्र डोळ्याला चिकटवून उजेडाकडे तोंड करून बघायचं. त्याची जी थोडी भिंगं आज शिल्लक आहेत त्यांतलं सर्वांत जोरदार भिंग सुमारे 266 पट मोठं दाखवतं. 1676 साली त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला पाण्यातल्या सूक्ष्म जिवांविषयी लांबलचक पत्र लिहिलं. उत्तम भिंग कसं करतो आणि नमुन्यावर उजेड कसा पाडतो, हे मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नाही. व्यापारीच तो!

त्यानं 1686 साली सोसायटीला पाठवलेल्या नमुन्यांत कापसाच्या बीच्या, म्हणजे आपल्या सरकीच्या, वस्तऱ्यानं काढलेल्या पातळ चकत्या होत्या. त्या पुड्या सोसायटीच्या दप्तरात पडून राहिल्या आणि ब्रायन फोर्ड या अभ्यासकाला 1981 साली सापडल्या. जवळजवळ 300 वर्षं जुन्या चकत्या, आणि भिंगाखाली अजून व्यवस्थित दिसणाऱ्या. आपल्याकडे सरकी ढेपेला आणि तेलाला जाते. आपल्या कॉलेजांतल्या किती मुलांनी तिची चकती काढून पाहिली असेल, याची मला शंका आहे.

सरकीवरचा तंतू तर त्याहून पाहण्यासारखा. कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी. जाडी 15-20 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग किंवा त्याहून कमी. आणि लांबी अडीच-तीन सेंटिमीटर. बोंड बंद असताना ही पेशी गोल नळीसारखी असते. बोंड फुटून ती वाळली की चपटी होते, पीळ खाते, आणि म्हणूनच कापसाचं सूत निघू शकतं. तंतू कच्चा राहिला तर त्याची भिंत पातळ राहते, तो नुसता चपटा पडतो, त्याच्या गाठी होतात आणि रंग धरत नाही. पक्का तंतू आणि कच्चा तंतू ओळखायची जुनी पद्धत अशी: तंतू 18 टक्के कॉस्टिक सोड्यात भिजवायचे, ते फुगतात, मग भिंतीची जाडी आणि मधली पोकळी यांचं प्रमाण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. मुंबईत माटुंग्याला 1924 साली कापसाची प्रयोगशाळा निघाली, तिथं अशी कामं पिढ्यान्‌पिढ्या चालली. अमळनेरच्या प्रताप मिलसारख्या गिरण्यांच्या काळात व्यापारी बोटांनी ओढून कापूस पारखत. त्याच पारखीमागचं कारण स्लाइडवर दिसत होतं.

लीवेनहुकचं एकच भिंग होतं. आपल्या शाळा-कॉलेजांत असतो तो संयुक्त सूक्ष्मदर्शक. नमुन्याजवळचं भिंग त्याची मोठी, उलटी प्रतिमा नळीत वर तयार करतं आणि डोळ्याजवळचं भिंग ती प्रतिमा आणखी मोठी करून दाखवतं. 40 पटीचं खालचं, 10 पटीचं वरचं, म्हणजे 400 पट. मग प्रश्न येतो की गुणाकारच करायचा आहे तर 4,000 किंवा 40,000 पट का करू नये?

रात्री लळिंगच्या घाटात उभं राहून मुंबई-आग्रा रस्त्याकडे बघा. फार लांबच्या गाडीचा एकच दिवा दिसतो. गाडी जवळ आली की त्या एकाचे दोन होतात. दिवे पहिल्यापासून दोनच होते. लांब असताना त्या दृश्याचा फोटो काढून भिंतीएवढा मोठा केला तरी त्यात दिवा एकच राहणार, फक्त मोठा आणि पसरट.

सूक्ष्मदर्शकाचं हेच होतं, आणि त्याला जबाबदार आहे प्रकाशाचं स्वतःचं माप. प्रकाश लाटेसारखा चालतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 550 नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. जर्मनीतल्या येना गावी कार्ल झाइसच्या कारखान्यासाठी काम करणाऱ्या एर्न्स्ट आबे यानं 1873 साली दाखवून दिलं की भिंग कितीही निर्दोष घासा, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेल्या दोन गोष्टी प्रकाश वेगळ्या दाखवू शकत नाही. व्यवहारात ही हद्द सुमारे 200 नॅनोमीटरवर येते. पॅथॉलॉजीचा तंत्रज्ञ 100 पटीच्या भिंगाखाली तेलाचा थेंब टाकतो तो या हद्दीपर्यंत पोचण्यासाठीच. काचेतून हवेत येताना तिरके किरण बाहेर वळतात आणि वाया जातात. तेलाचा वक्रीभवनांक काचेइतकाच असल्यानं ते भिंगात शिरतात. (काम झाल्यावर ते तेल पुसायचं असतं. आपल्याकडच्या कॉलेजांत 100 पटीचं भिंग आंधळं झालेलं असतं त्याचं कारण बहुतेक वेळा न पुसलेलं तेल, नाहीतर पावसाळ्यात काचेवर धरलेली बुरशी.) म्हणून बाजारात कुणी 2,000 किंवा 5,000 पटीचा स्वस्त सूक्ष्मदर्शक विकायला आणला, तर तो पोकळ मोठेपणा विकतो आहे एवढं ओळखा. साध्या प्रकाशात 1,000-1,500 पटीच्या पुढं नवीन काही दिसत नाही.

आता दुसरं काम, उठून दिसण्याचं. जिवंत पेशी पाण्यासारखी पारदर्शक असते. ती समोर असूनही दिसत नाही, म्हणून आपण तिला रंग देतो. आणि रंग देताना ती बहुधा मरते. ग्रोनिंगेनचा फ्रिट्स झेर्निके यानं यावर तोड काढली. पेशीतून जाणारा प्रकाश शेजारच्या पाण्यातून जाणाऱ्या प्रकाशापेक्षा किंचित मागं पडतो. डोळ्याला हे मागं पडणं कळत नाही, उजेड-अंधार मात्र कळतो. दिव्यापुढं एक कडं आणि भिंगात एक विशिष्ट चकती बसवून झेर्निकेनं त्या मागं पडण्याचं रूपांतर उजेडाच्या कमी-जास्तीत केलं. न रंगवलेली, जिवंत, हलती पेशी दिसू लागली. 1953 चं नोबेल त्याला यासाठी मिळालं. मला विचाराल तर, भिंग न वाढवता बघण्याची रीत बदलणारी इतकी देखणी युक्ती दुसरी नाही.

क्षयाच्या तपासणीत याच्या उलट वाट धरतात. थुंकीचा नमुना ऑरामाइन या रंगानं रंगवतात. त्यावर निळा उजेड टाकला की क्षयाचे जंतू पिवळट-हिरवे चमकतात. मधला आरसा आणि गाळणी निळा प्रकाश अडवून फक्त ही चमक डोळ्यापर्यंत येऊ देतात. जुन्या लाल रंगाच्या पद्धतीत 1,000 पटीखाली एकेक क्षेत्र चाळावं लागे. काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारा जंतू कमी पटीतही नजरेत भरतो, म्हणून एका नजरेत जास्त जागा तपासून होते. पट कमी झाली आणि काम सुधारलं, हे ध्यानात घ्या.

आता दगडाकडे वळू. धुळ्याच्या आसपास माळरानावर लांबच लांब, सरळ रेषेत गेलेल्या, भिंतीसारख्या काळ्या दगडांच्या टेकड्या तुम्ही पाहिल्या असतील. भूशास्त्रात नंदुरबार-धुळे परिसरातल्या या डाइकांचा समूह चांगला प्रसिद्ध आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला त्या काळात जमिनीला भेगा पडल्या, त्यांत वितळलेला खडक शिरला आणि थिजला. आजूबाजूचा खडक झिजला आणि भेगेतला उभा राहिला. या दगडाचा तुकडा नुसता सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर काळा ठिक्कर दिसेल. तोच घासत घासत 0.03 मिलिमीटरपर्यंत पातळ करा. काळा दगड काचेसारखा पारदर्शक होतो! मग नमुन्याच्या खाली एक आणि वर एक अशा ध्रुवक चकत्या एकमेकींना काटकोनात ठेवायच्या. एकीतून आलेला प्रकाश दुसरी अडवते, त्यामुळे सगळं काळोखं व्हायला हवं. पण स्फटिक मधल्यामध्ये प्रकाशाची कंपनदिशा बदलतात, आणि त्या काळोखात फेल्डस्पारच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि पायरॉक्सिनचे लखलखीत रंग उमटतात. टेबल फिरवलं की रंग विझतात, पुन्हा पेटतात. लाव्हा लवकर थिजला असेल तर स्फटिक बारीक, सावकाश थिजला असेल तर मोठे. रस्त्याच्या खडीचा तुकडा असा घासून पाहिला की तो कसा निवत गेला, ते वाचता येतं. स्कॉटलंडच्या विल्यम निकोलनं 1828 साली कॅल्साइटच्या स्फटिकापासून ध्रुवक केला, तिथून ही वाट सुरू झाली.

केळीकडे आलं की मात्र प्रकाशाची हद्द आडवी येते. रावेर, यावल, चोपड्याकडचे शेतकरी 'हरण्या' म्हणतात तो रोग कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होतो. पानावर पिवळे पट्टे उठतात, पोंगा सडतो, झाड उपटून टाकावं लागतं. रोग पसरवतो मावा, त्यातही कपाशीवरचा मावा. मावा हातातल्या भिंगानं दिसतो, त्याच्या सोंडेची रचना कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकानं. पण विषाणूचा व्यास आहे सुमारे 29 नॅनोमीटर. 200 च्या हद्दीपुढं 29 ची वस्तू दाखवायला प्रकाशाचा इलाज नाही.

मग प्रकाशच बदलायचा. इलेक्ट्रॉनही लाटेसारखा वागतो हे 1924 नंतर कळू लागलं होतं. एक लाख व्होल्टनं पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी 0.0037 नॅनोमीटर पडते, हिरव्या प्रकाशाच्या सुमारे दीड लाखावा भाग. बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स नॉल यांनी 1931 साली इलेक्ट्रॉनांचा झोत तारेच्या वेटोळ्यांतल्या चुंबकक्षेत्रानं वळवून पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. रुस्काला नोबेल मिळालं 1986 साली, म्हणजे 55 वर्षांनी.

या यंत्राची किंमत मात्र जबर, आणि मी पैशांविषयी बोलत नाही. हवेच्या कणांना इलेक्ट्रॉन अडखळतात, म्हणून आत निर्वात पोकळी लागते. तिथं ओलं आणि जिवंत काही टिकत नाही. नमुना 100 नॅनोमीटरहून पातळ कापावा लागतो. कार्बन, हायड्रोजन यांसारखे हलके अणू इलेक्ट्रॉनांना फारसे विखुरत नाहीत, म्हणून युरेनियम किंवा शिशाच्या क्षारांनी नमुना 'रंगवावा' लागतो. आणि रंग तर नसतोच. रंग ही प्रकाशाची गोष्ट, इलेक्ट्रॉनांची नव्हे. करोनाच्या साथीत टीव्हीवर फिरत होता तो लाल काट्यांचा गोळा चित्रकारांनी बनवलेला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं 2020 साली केरळच्या रुग्णाच्या घशातल्या नमुन्यातून त्या विषाणूचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं घेतलेलं चित्र इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये प्रसिद्ध केलं. ते करड्या छटांचं होतं, 75 नॅनोमीटरच्या एका गोल कणाचं, कडेला अस्पष्ट देठ असलेलं. ते पाहून बऱ्याच जणांची निराशा झाली असेल. मला ते त्या लाल गोळ्यापेक्षा कितीतरी थरारक वाटलं, कारण ते खरं होतं.

स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात झोत आरपार न जाता पृष्ठभागावरून ओळीओळीनं फिरतो आणि पृष्ठभागातून उडालेले इलेक्ट्रॉन मोजून चित्र तयार होतं; मुंगीचा डोळा, परागकण अशी उठावदार चित्रं तुम्ही मासिकांत पाहता ती याचीच, आणि त्यासाठी मुंगीला आधी सोन्याचा पातळ मुलामा द्यावा लागतो. त्याही पुढं 1980 च्या दशकात असे सूक्ष्मदर्शक निघाले की त्यांत भिंगच नाही. अतिशय टोकदार सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरते आणि तिच्या वरखाली होण्यावरून अणूंच्या पातळीवरचा नकाशा तयार होतो. तिथं 'दर्शक' हा शब्द आपण केवळ सवयीनं वापरतो.

इथवर यंत्रांची थोरवी सांगितली. आता त्यांना काय कळत नाही ते सांगतो, कारण आपल्या भागाला त्याची झळ बसली आहे.

सप्टेंबर 1994. सुरतेत प्लेगची बातमी पसरली. उधना-लिंबायतमध्ये खानदेशातली किती घरं आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. सुरत-भुसावळ लाइनच्या गाड्या भरभरून इकडे आल्या. औषधांच्या दुकानांत टेट्रासायक्लिन मिळेना. सुरतेतले मृत्यू पन्नासच्या आसपास. पण पळापळ लाखो लोकांची. त्या दिवसांत रोगनिदानाचा एक मोठा आधार होता थुंकीची स्लाइड. प्लेगचा जंतू रंगवला की दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिका दिसतो, सेफ्टी पिनसारखा. असे जंतू दिसले. पण तसं रंग धरणारे दुसरेही जंतू असतात. त्यामुळे हा प्लेग होता की नव्हता, यावर देशात आणि देशाबाहेर वर्षानुवर्षं वाद चालला. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी जंतूंच्या डीएनएची तपासणी करून 2000 साली तो प्लेगचाच जंतू असल्याचं प्रसिद्ध केलं. स्लाइडवर दिसलं होतं ते चूक नव्हतं, अपुरं होतं. सूक्ष्मदर्शक रूप दाखवतो, नाव सांगत नाही. नाव आपण देतो, आणि घाबरलेला माणूस ते फार घाईनं देतो.

हीच अडचण सातपुड्यात आजही आहे, आणि ती साथीसारखी येऊन जाणारी नाही. भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आहे. या आजारात रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या साखळीत एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. ऑक्सिजन कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोऱ्या वळतं, आणि एरवी गोल, 7-8 मायक्रॉनची तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. त्या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडं दुखतात, सांधे धरतात, ताप येतो, रक्त कमी होतं. आणि पाड्यावर त्याला कधी वात म्हणतात, कधी बाहेरचं.

ही तपासणी साधी आहे. बोटातून रक्ताचा थेंब, त्यात 2 टक्के सोडियम मेटाबायसल्फाइटचं ताजं द्रावण, वर कव्हर स्लिप, कडा सील केलेल्या. रसायन ऑक्सिजन शोषून घेतं आणि थोड्या वेळात, कॉलेजात असतो तसल्याच सूक्ष्मदर्शकाखाली, गोल पेशींचे विळे होताना दिसतात. आत वळलेली दोरी पाहायची तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागेल, पण निदानाला तिची गरज नाही. अडचण वेगळीच आहे. ज्याला आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक मिळालं तो रुग्ण. एकाकडूनच मिळालं तो वाहक. तो सहसा धडधाकट असतो. मेटाबायसल्फाइटच्या स्लाइडवर मात्र विळे दोघांच्याही रक्तात दिसतात. कुणी रुग्ण आणि कुणी वाहक, हे ती स्लाइड सांगू शकत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी लागते: विजेच्या क्षेत्रात होणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. लायनस पॉलिंगनं 1949 साली दाखवून दिलेला मार्ग इलेक्ट्रोफोरेसिसचाच. ते न करता, फक्त 'पॉझिटिव्ह' एवढा शब्द कागदावर घेऊन घरी गेलेल्या मुलीचं लग्न मोडतं, आणि जिला खरोखर उपचार हवेत ती बिनऔषधाची राहते.

स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांनी कागदाच्या घडीतून 140 पटीचा फोल्डस्कोप बनवला, भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं तो शाळा-कॉलेजांत पोचवण्याची योजना आणली, ते चांगलंच झालं. पण आपल्या गावातल्या कुलूपबंद कपाटांतही सूक्ष्मदर्शक आहेत. प्राध्यापकांना माझी विनंती आहे की ते बाहेर काढा, मुलांना सरकीची चकती द्या, डाइकचा दगड घासायला लावा, आणि काय दिसलं याबरोबर काय दिसू शकलं नाही तेही वहीत लिहायला सांगा. आणि धडगाव-अक्कलकुवा-शिरपूरकडून शिकायला आलेल्या, समोर बसलेल्या मुलामुलींना विनंती आहे ती वेगळी. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 ला सुरू झाली. तिच्यात आदिवासी भागांतल्या 40 वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी करायची आहे. तपासून घ्या, लग्न ठरण्याआधी घ्या, आणि पहिल्या चाचणीत पॉझिटिव्ह आलं तर तिथं थांबू नका. वाहक की रुग्ण, हे लिहिलेला पक्का अहवाल सरकारी दवाखान्यातून मागून घ्या. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते.